शाल, श्रीफळ आणि अठरा अंश

शाश्वत विकासाच्या परिषदेला जाताना स्वेटर न्यायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुण्यातलं पंचतारांकित हॉटेल, मे महिना, बाहेर चाळिशीला टेकलेलं ऊन आणि आत १८ अंश. विषय होता 'संस्था-विकास, शाश्वतता आणि सहयोगी अध्ययन'. सत्कारमूर्ती तेवढे सुखात होते, कारण त्यांना शाली मिळाल्या होत्या. एरवी सत्कार झाल्या झाल्या शाल घडी करून शेजारच्याच्या मांडीवर ठेवणारी ही माणसं दोन्ही दिवस ती गळ्यापर्यंत लपेटून बसली. नारळाचं काय करायचं ते मात्र त्यांनाही कळत नव्हतं.

उद्घाटनात नवं काही नव्हतं. १९८७ चा ब्रुंटलँड अहवाल, संयुक्त राष्ट्रांची १७ उद्दिष्टं आणि पीटर सेंगी यांचं १९९० चं 'द फिफ्थ डिसिप्लिन' या तिघांना वंदन केल्याशिवाय अशा ठिकाणी समई पेटत नाही. एका वक्त्यांनी पडद्यावर दाखवलं की एसीचं तापमान एका अंशानं वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि म्हणूनच २०२० पासून आपल्याकडे नवे घरगुती एसी मुळात २४ अंशांवर लावलेलेच येतात. टाळ्या पडल्या. जरा जास्तच पडल्या, हाताला तेवढीच ऊब.

मग चहा. इथं मी थोडा रेंगाळतो, कारण या शास्त्रात चहाला फार मान आहे. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली संस्था-परिवर्तनावर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तयारीत वर्ष गेलं. सगळं आटोपल्यावर मंडळी म्हणाली, झकास झाली ती कॉफीची सुटी! आपल्याकडचा आयोजक असता तर मांडववाल्याचं बिल उराशी धरून रडला असता. ओवेन यांनी १९८५ साली परिषदेचीच कॉफीची सुटी करून टाकली आणि तिला 'ओपन स्पेस' म्हटलं. ठरलेले वक्ते नाहीत, विषयपत्रिका नाही, खुर्च्या गोलात, आणि ज्याला ज्या विषयाची तळमळ त्यानं तो मांडायचा. शिवाय एक दोन पायांचा नियम: जिथं तुम्ही काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून आपल्या पायांनी उठून दुसरीकडे जावं. हा नियम आपण साहित्य संमेलनात कितीतरी वर्षं पाळतोय. त्याला नाव द्यायचं कुणाला सुचलं नाही, इतकंच.

आमच्या आयोजकांनी या मोकळ्या अवकाशाला दुपारी अडीच ते सव्वातीन अशी वेळ दिली होती. वक्ते ठरलेले, विषय ठरलेले, गट क्रमांक गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलेला. मी काही शिकत नव्हतो, देण्यासारखंही जवळ काही नव्हतं, म्हणून नियमाला जागून दाराकडे निघालो. स्वयंसेविकेनं अडवलं. "सर, आत्ता ओपन स्पेस चालू आहे. बाहेर नाही जायचं."

परत आलो. टेबलावर पिवळ्या स्टिकी नोट्सचा गठ्ठा होता. संस्थेकडून तुमची सर्वांत तातडीची अपेक्षा काय, ती मोजक्या शब्दांत लिहा, अशी सूचना झाली. शेजारच्या बाईंनी 'समन्वय' लिहिलं, पलीकडच्यांनी 'समावेशक समन्वय'. मी कुडकुडत्या हातानं लिहिलं, 'एसी कमी करा.' ती चिठ्ठी फळ्यावर 'नेतृत्वशैली' या मथळ्याखाली चिकटवण्यात आली.

समारोपात अध्यक्षांनी नेमकी तीच उचलली. "एका सहभागी मित्रानं फार मार्मिक लिहिलंय," असं म्हणून ते क्षणभर थांबले. "एसी कमी करा! म्हणजे काय? तर नेतृत्वानं माणसामाणसांमधला गारठा कमी करावा." सभागृह भारावलं. पुढच्या रांगेतल्या शाली उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे सगळे उठले. अध्यक्षांनी खांद्यावरून घसरणारी शाल सावरली.

मीही उठून टाळ्या वाजवल्या. पायांत गोळे आले होते.