रिव्हॉल्व्हरचा वारस

केटी, टेक्सास
खंडेनवमी

ती. आबांस,



परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सत्तरी झाली, आता रिव्हॉल्व्हर कुणाच्या नावावर करू? थोरल्याच्या का तुझ्या?" असल्या गोष्टी फोनवर बोलायला घेतल्या की आई मधेच बोलते, दादा मागून बोलतो आणि गाडी द्राक्षाच्या दरावर जाते. म्हणून सविस्तर लिहितोय. पत्र आईला वाचून दाखवा, पण तिसऱ्या परिच्छेदातलं कुंकवाचं सोडून.

कायद्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली, किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगून झालं, की वारसाला परवाना मागता येतो. मालक जायची वाट बघावी लागत नाही. जमिनीच्या वाटण्यांत हा शहाणपणा असता तर तालुक्यातले निम्मे वकील शेतीला लागले असते. तरीपण आबा, मला बांधावरचं लिंबाचं झाड द्या, विहिरीतला चौथा हिस्सा द्या, खुद्द म्हैसाळ योजनेची पाणीपट्टी माझ्या नावावर लावा. रिव्हॉल्व्हर नको.

तुमच्या वडिलांनी, आण्णांनी, ते बत्तीस बोअरचं वेब्ली का घेतलं, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय. विटा-खानापूरपासून आपल्या कवठ्यापर्यंतची कित्येक माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, त्यात आपले आण्णा कोइंबतूरला. वर्षाची कमाई घेऊन दिवाळीला गावी यायचं, वाटेत कुणी लुटलं तर काय, म्हणून अर्ज केला. परवाना मिळाला तो सांगली जिल्ह्यापुरता! म्हणजे कोइंबतूर ते मिरज हा सगळा परका मुलूख आण्णांनी हत्याराविना काढायचा. डब्याच्या तळाशी नोटा, वर भाकरी, त्यावर लसणाची चटणी, आणि अंगात असा सदरा की समोरच्यानंच दोन आणे द्यावेत. मिरजेला बार्शी लाइटच्या त्या चिमुकल्या गाडीत बसले की मग भीती कसली? त्या गाडीच्या वेगानं दरोडेखोरच कंटाळून घरी गेले असते. रिव्हॉल्व्हर इकडं घरच्या ट्रंकेत. हत्यार आणि कमाई यांची गाठ पडायची ती माजघरात, दाराला आतून कडी लावल्यावर. तिथं दोघांनाही धोका एकच, तो म्हणजे आजी. खंडेनवमीला कोयता, खुरपं, वखराची फास यांच्या रांगेत तिनं त्याची पूजा मांडायची, आणि श्रद्धा अशी दांडगी की हळदीकुंकू थेट नळीत. पुढं तो वारसा आईनं चालवला. सांगलीच्या बंदूकवाल्यानं एकदा तुम्हाला विचारलेलं आठवतंय ना, "हे झाडता, का औक्षण करता?"

आजीला मात्र त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. तिचं माहेर कुंडलकडचं. प्रतिसरकारचा काळ तिनं पोरवयात बघितलेला. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू, तुफान सेना ही नावं ती घरच्या माणसांसारखी घ्यायची. १९४३ च्या २४ जुलैला वसंतदादा सांगलीच्या तुरुंगातून निसटले तो किस्सा सांगताना तर चुलीवरचं दूध उतू जायचं. ज्वारीच्या कणगीत लपवलेली पिस्तुलं तिनं पाहिली होती म्हणे. त्यामुळं आण्णांच्या परवान्याकडं बघून म्हणायची, "सरकारला इचारून घेतल्यालं हत्यार त्ये! त्याला कोन भितंय?"

तुमच्या हाती आल्यावर तर ते घरात राहिलंच कमी. लोकसभा आली, ठाण्यात जमा करा. विधानसभा आली, जमा करा. जिल्हा परिषद, जमा करा. माझ्या लहानपणी माझी पक्की समजूत होती की पालखी जशी यात्रेला निघते, तसं रिव्हॉल्व्हर निवडणुकीला निघतं. जमा केल्याची पावती तुम्ही सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवायचात आणि ती सापडेना झाली की घरात जी पळापळ व्हायची, तेवढी दरोडा पडला असता तरी झाली नसती. यात्रेला जायचं तर ते घरात एकटं कसं ठेवायचं? आरेवाडीच्या बिरोबाला सगळे मिळून आपण कधीच गेलो नाही. एकजण रिव्हॉल्व्हरच्या राखणीला मागं.

आणि लुटलं गेलो का? गेलोच की. द्राक्षाचा व्यापारी पांढऱ्या कपड्यात आला, बागेत बसून चहा प्याला, दर चांगला बोलला, चेक देऊन गेला. गाडी भरून माल गेला आणि चेक परत आला. त्या दिवशी रिव्हॉल्व्हर घरात होतं, तेल घातलेलं होतं, निवडणूकही नव्हती. मोटारीची केबल गेली तेव्हाही होतं. ठिबकच्या नळ्या गेल्या तेव्हाही.

आता इकडची हकीकत. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात एकवीस वर्षांवरच्या माणसाला कायद्याची आडकाठी नसेल तर परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तुमच्या कलेक्टर कचेरीतल्या फेऱ्या, पोलीस अहवाल, डॉक्टरचा दाखला हे मी शेजारच्या म्हाताऱ्यांना सांगितलं तर त्यांना वाटलं, मी रणगाड्याबद्दल बोलतोय. मुलं त्यांना टेक्सास-आजोबा म्हणतात. वय ऐंशीच्या पुढं. त्यांच्या खिशात कोल्ट कंपनीचं 'डिटेक्टिव्ह स्पेशल', आखूड नळीचं, सहा गोळ्यांचं. हे मॉडेल १९२७ सालातलं. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धावरून परतल्यावर घेतलं आणि मरताना यांना दिलं. त्याच्या वजनानं विजार उजवीकडं उतरते, म्हणून ते गॅलिस लावतात. मुलाकडं 'स्मिथ अँड वेसन'चं पाच गोळ्यांचं, अर्ध्या किलोपेक्षाही हलकं, खिशातून काढताना अडकू नये म्हणून घोडा आत झाकलेला. नातवानं रिव्हॉल्व्हरचं घराणंच सोडलं. त्याचं ग्लॉक, प्लॅस्टिकच्या अंगाचं, पंधरा गोळ्यांचं.

रविवारी परसात मांस भाजायला बसले की या तिघांचं जे चालतं ते ऐकायला तुम्ही हवे होता. आपल्याकडं थॉमसन द्राक्ष चांगलं का सोनाका यावरून पारावर जसे गट पडतात, तसं. आजोबा म्हणतात, रिव्हॉल्व्हर अडकत नाही; एक गोळी फुसकी निघाली तर चाप पुन्हा ओढावा, पुढची हजर. नातू म्हणतो, पण तुमच्या सहा संपल्यावर काय? आजोबा म्हणतात, सहात काम झालं नाही तर तू पळायला हवं होतंस. मुलगा मधल्या पिढीचा, त्यामुळं दोन्हीकडून शिव्या खातो आणि कणसं भाजतो.

मी विचारलं, आजवर कुणाला ते काढावं लागलं का? मुलाला नाही. नातवाला नाही. आजोबांना एकदा, गॅरेजमध्ये खुळखुळ्या साप आला तेव्हा. गोळी चुकली, वॉशिंग मशीनला लागली. सापाला शेवटी आजींनी फावड्यानं मारलं. आपल्या आजीचं आणि त्यांचं जमलं असतं.

आणि राखण? गॅरेजमध्ये फ्रीजपेक्षा जड पोलादी तिजोरी. पलंगाशी दुसरी छोटी, बोट लावल्यावर उघडणारी. आजोबांची बोटं आता इतकी गुळगुळीत झालीत की ती त्यांना ओळखत नाही, म्हणून रात्री चोर आला तर आधी सुनेला उठवायचं असं ठरलंय. दुकानांच्या, इस्पितळांच्या दारावर ठळक इंग्रजी-स्पॅनिशमध्ये पाटी असते, हत्यार घेऊन आत येऊ नये. मग ते गाडीत ठेवायचं. नातू असाच एकदा मित्राला बघायला इस्पितळात गेला, ग्लॉक गाडीत ठेवलं, आणि चोरानं काच फोडून नेमकं तेच नेलं. शेजारच्या सीटवर लॅपटॉप होता, त्याला हात लावला नाही. स्वसंरक्षणासाठी घेतलेली वस्तू चोराला आयती पोचवली. आबा, तुमचं आणि त्यांचं दुखणं एकच आहे. फक्त तुमचं पोलीस नेतात आणि पावती देतात.

आम्ही व्हिसावर होतो तेव्हाची गंमत सांगायची राहिली. कामाच्या व्हिसावरच्या माणसाला इथं बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्यानं बंदी. पण शिकारीचा परवाना काढला तर चालतं! आमच्या ऑफिसात सदाशिव पेठेतला एक आहे, कांदालसूणसुद्धा चातुर्मासात खात नाही, त्यानं पिस्तुलाच्या हौसेपायी हरणं मारायचा परवाना काढला. वन्यजीव खात्यानं त्याला हंगामाचं पुस्तकही दिलं, कुठला पक्षी कधी मारायचा त्याचं. ते त्यानं देवघरातल्या पंचांगाशेजारी ठेवलंय. मला आता ग्रीन कार्ड मिळालंय, म्हणजे हरणाच्या जिवावर न उठताही घेता येईल. सूनबाई म्हणाल्या, घरात एक तर ते राहील नाहीतर मी. तिला गाडी चालवता येते, रिव्हॉल्व्हरला येत नाही, म्हणून तिला ठेवलंय.

तिचं कारण वेगळं आहे. धाकटीला शाळेत सराव देतात, दिवे घालवून, दार लावून, कोपऱ्यात आवाज न करता बसायचं. उवाल्डे आमच्यापासून गाडीनं चार तासांवर. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या शाळेत गोळीबारात एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. धाकटी घरी येऊन अभिमानानं सांगते, मी सगळ्यात गप्प बसले. यावर मला विनोद सुचत नाही.

आजोबांना त्यांच्या शस्त्र बाळगायच्या हक्काचा फार अभिमान. १७९१ सालापासून घटनेत लिहिलंय म्हणतात. मीही गप्प बसलो नाही. आमच्याकडं लॉर्ड लिटननं १८७८ मध्ये कायदा करून अख्ख्या देशाची हत्यारं परवान्यात अडकवली, काँग्रेसनं त्याविरुद्ध ठराव केले, १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगायचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला होता, हे सगळं सांगितलं. "मग स्वातंत्र्य मिळाल्यावर?" मिळाल्यावर घटना समितीत ह. वि. कामतांनी ती आठवण करून दिली आणि आंबेडकरांनी ती दुरुस्ती घेतली नाही. १९५९ ला नवा कायदा आला, आपलाच, पण परवाना राहिलाच. आजोबा बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "तुमच्या गावात इतकी कमी पिस्तुलं, तर लोक भांडतात कसे?" मी म्हटलं, भांडायला बांध आहे ना.

आता मूळ मुद्द्यावर. दादाच्या नावावर करायचं म्हणता, पण दादाचा राग तुम्हाला माहीत आहे. पंचायतीच्या सभेला तो खुर्ची उचलतो. वहिनींचा विचार करा असं मी म्हणणार होतो, कारण शेतीची वीज रात्रीची असते आणि बागेला पाणी सोडायला बॅटरी घेऊन त्याच जातात. मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "भावजी, एका हातात बॅटरी, एका हातात कोयता, रिव्हॉल्व्हर काय दातात धरू? तेवढ्या पैशात बेदाण्याच्या शेडला क्यामेरा बसवा." आबा, घरातलं हे पहिलं शहाणं वाक्य आहे या विषयावरचं.

तेव्हा माझा सल्ला असा. परदेशी रिव्हॉल्व्हरची आयात आपल्याकडं ऐंशीच्या दशकातच बंद झाली, त्यामुळं जुन्या वेब्लीला परवानाधारक गिऱ्हाईक लाखांत पैसे मोजतं. इथं तसलं जुनं बत्तीस बोअरचं कुणी वळूनही बघत नाही. परवानगी काढून, बंदूकवाल्यामार्फत रीतसर विका. त्यात पाणीपट्टीची थकबाकी भागेल, शेडला कॅमेरा होईल, आणि उरलं तर मोटारीची केबल. आण्णांच्या आठवणीचं म्हणाल तर त्यांचा भाकरीचा डबा अजून फडताळात आहे. वर्षानुवर्षं कमाई सुखरूप घरी आणली ती त्यानं. खंडेनवमीला तो मांडा. आईला सांगा, त्यात कितीही कुंकू घातलं तरी गंजायला नळी नाही.

(आई, तू हे वाचतेयस म्हणजे आबांनी पत्र तुझ्या हातातच दिलं. तुझ्या कुंकवावर माझा आक्षेप नाही.)

आणखी एक. टेक्सास-आजोबा फेब्रुवारीत आमच्याबरोबर यायचं म्हणतायत, द्राक्षाचा हंगाम बघायला. त्यांची बॅग मी स्वतः झटकून भरणार आहे. कोटाच्या खिशात विसरलेल्या एका काडतुसापायी आपल्या विमानतळांवर कितीतरी प्रवासी आर्म्स ॲक्टखाली अडकलेत, आणि यांच्या तर प्रत्येक खिशात दोन-चार सापडतात. कोल्ट घरी ठेवून यायला कबूल झालेत. पण रोज एवढं वजन उजव्या खिशात असल्यावाचून चालताना तोल जातो म्हणतात. त्यांच्यासाठी तेवढ्याच वजनाचं काहीतरी बघून ठेवा. वहिनी म्हणतात, अडकित्ता चालेल.

दादाला, वहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा