पाहणी दौऱ्याची महती

मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले, हे पनवेलकरांस विदित आहेच. त्या वर्षी जन्मलेल्या पोरांना मिसरूड फुटले. महामार्ग मात्र अजून वयात यायचा आहे.

पण अभियांत्रिकीने जिथे हात टेकले, तिथे प्रोटोकॉल धावून येतो. गणपतीच्या तोंडावर पाहणी दौरा जाहीर होतो. आदल्या रात्री डंपर रिकामे होतात, खड्ड्यांत खडी पडते, रोलर फिरतो, दुभाजकाला काळा-पिवळा रंग लागतो (ओला असतो, टेकू नये). सकाळी साहेबांच्या हातातला चहा हिंदकळतही नाही. सिमेंट आणि डांबर यांपेक्षा पायलट गाडीचा सायरन हेच उत्तम बांधकाम साहित्य, हे आता मान्य करायला हवे.

तेव्हा निविदा वगैरे सोडून द्याव्यात. लाल दिवा १ मे २०१७ पासून गेला, तो आम्ही मागत नाही. पनवेल आगारातून सुटणाऱ्या प्रत्येक कोकणी एसटीला ‘पाहणी दौरा’ एवढी पाटी लावावी. कंडक्टरच्या हाती फाइल द्यावी. खिडकीजवळच्या आजींनी अधूनमधून बाहेर बोट दाखवून मान हलवावी. बाकी रस्ता आपोआप समजून घेईल.

मात्र पाटी जातानाच लावावी. परतीच्या वेळी ती काढून ठेवणे बरे. ताफा गेला की खडीलाही आपल्या गावी जायचे असते.