बूस्ट कमी? आधी पायाखालची मॅट उचला
(नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका, खडकवासला आवृत्ती)

चांगल्या चाललेल्या गाडीला ज्यांनी हौसेने सुपरचार्जर बसवून घेतला, घरी त्याची खरी किंमत अजून सांगितलेली नाही, आणि नव्या गेजचा काटा मात्र सातवर जायचं नाव घेत नाही, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. टर्बोवाल्यांनी पान उलटून राशिभविष्य वाचावं. टर्बो सायलेन्सरकडे निघालेल्या धुरावर फिरतो, सुपरचार्जर इंजिनच्याच क्रँकवरून पट्ट्याने. दोघांची दुखणी वेगळी.

साहित्य: दहाचा आणि बाराचा पाना, स्क्रूड्रायव्हर, बॅटरी, वाटीभर साबणाचं पाणी, जुना टूथब्रश आणि रेस द्यायला एक मित्र. मित्र ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ म्हणणारा नसावा. तसा मिळत नसेल तर हाच चालवून घ्यावा.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं आहे. विमा कंपनीला हे तोंडपाठ असतं. पुढे वाचायचं की नाही ते आपलं आपण ठरवा.

कृती. सर्वप्रथम आपण कुठे उभे आहोत ते पाहावं. आषाढातला रविवार, दुपारचे चार, धरणाची चौपाटी, पुढे पीएमपीची बस, बाजूला कणसांच्या गाड्या, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चौदाशे आरपीएमवर. इथे बूस्ट दिसत नाही ही तक्रार नव्हे, ही रहदारी आहे. सेंट्रिफ्युगल जातीच्या सुपरचार्जरचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. निम्म्या फेऱ्यांवर निम्मा नाही, जेमतेम चौथाई मिळतो. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू जातीचा खालपासून देतो, पण अ‍ॅक्सिलरेटर तळाला लागल्याशिवाय तोही देत नाही. आणि नांदेड फाटा ते खडकवासला या पट्ट्यात रविवारी तळाला लागतो तो फक्त ब्रेक.

आता मॅट. गाडीबरोबर घेतलेली, क्विल्टसारखी शिवलेली, जाडजूड सेव्हन-डी मॅट अ‍ॅक्सिलरेटरखाली बोटभर फुगलेली असते. पाय पूर्ण दाबला असं तुम्हाला वाटतं, थ्रॉटल मात्र तीन चतुर्थांशच उघडतो. इंजिन बंद ठेवून पेडल हाताने दाबून पाहा. मॅटला टेकत असेल तर मॅट काढा आणि या मार्गदर्शिकेची उरलेली पानं भेळेला द्या.

मॅट निर्दोष निघाली तर संशय गेजवर घ्यावा. काहींच्या गेजवर आकडे बारमध्ये असतात. काटा ०.५ वर थांबला की ‘अर्धा पीएसआय!’ म्हणून गॅरेजवाल्याला फोन जातो. ०.५ बार म्हणजे सव्वासात पीएसआय. त्या माणसाची माफी मागावी. मोबाइलवर बूस्ट दाखवणाऱ्या अ‍ॅपची गंमत आणखी वेगळी. गाडीचा मूळ मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधला एकूण दाब मोजणारा, साध्या इंजिनासाठी असतो, तो १०५ किलोपास्कलच्या आसपास मान टाकतो. त्यापुढे बूस्ट कितीही चढला तरी अ‍ॅप तोच आकडा दाखवत राहतं. सेन्सर दोन किंवा तीन बारचा बसवला आहे का, हे बिलावर पाहा. बिल नसेल तर प्रश्न वेगळाच आहे.

सेन्सर योग्य असला तरी वजाबाकी चुकते, आणि ती खास आपल्याकडे चुकते. अ‍ॅप एकूण दाबातून समुद्रसपाटीचा १०१ वजा करतं. खडकवासला समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटरवर. इथली हवा भरते साडेचौऱ्याण्णव किलोपास्कल. समजा एकूण दाब १४२ आला. अ‍ॅपच्या हिशेबाने बूस्ट ४१ किलोपास्कल, म्हणजे सहा पीएसआयलाही कमी. खऱ्या हिशेबाने साडेसत्तेचाळीस, म्हणजे ६.९. जवळजवळ एक पीएसआय वजाबाकीत गेला. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा, तेव्हा दिसणारा आकडा लिहून ठेवा आणि तोच वजा करा.

उंचीवरून सिंहगड आलाच. सुपरचार्जर मिळेल त्या हवेला ठरावीक पटीने दाबतो. पट दीड असेल तर मुंबईत ७.३ पीएसआय, खडकवासल्याला ६.९ आणि १३०० मीटरवर, गडाच्या माथ्याशी, ६.३. गोळेवाडीहून वर चढताना काटा हळूहळू खाली येतो तो यामुळे. गाडी दमली म्हणून नव्हे.

इथवर सगळं ठीक निघालं तरच बॉनेट उघडा.

सगळ्यात जास्त वेळ पट्ट्यावर घालवा. काटा चार हजार आरपीएमपर्यंत व्यवस्थित चढतो आणि मग तिथेच घुटमळतो किंवा मागे येतो, तर पट्टा सरकतोय असं जवळजवळ नक्की समजा. पुलीच्या कडेला बुक्क्यासारखी काळी भुकटी साचलेली दिसेल, पट्ट्याच्या आतल्या रेघा घासून तकतकीत झालेल्या असतील. नवा पट्टा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये ताणतो, टेन्शनर पुन्हा आवळायचा असतो, आणि ही गोष्ट गाडी देताना सांगायची राहून जाते. कधी पट्टा छोट्या पुलीला पुरेसा वेढाच घेत नाही. तिथे जादा आयडलर लावून तो अधिक गुंडाळावा लागतो. कधी पुलीवर कूलंटचा थेंब असतो. पावसाळ्यात किरकटवाडीच्या डबक्यातून गाडी काढल्यावर तर तासभर काही निदान करूच नये. जोरात फेरी मारून आल्यावर पुलीचं तापमान मोजा. सरकणाऱ्या पट्ट्याची पुली भयंकर तापते. कोविडमध्ये सोसायटीच्या गेटवर होती ती बंदूक इथे कामाची नाही, ती ताप मोजायची आहे, बेचाळीसच्या पुढे हात टेकते. पट्ट्यावर मारायचे चिकट फवारे कोणी सुचवले तर नमस्कार करून निघावं.

पट्टा चांगला असेल तर बायपास वाल्व. रूट्स जातीत इंजिन सुरू होताच त्याचा दांडा ओढला जातो आणि मित्राने रेस देताच सुटून जागेवर यायला हवा. तो काजळीने अर्ध्यात अडकला, किंवा त्याची बारीक नळी भलत्याच जागी जोडली गेली, तर दाबलेली हवा गोल फिरून पुन्हा सुपरचार्जरच्याच तोंडाशी येते. यंत्र राबतं, इंजिनला काही मिळत नाही.

मग गळती. सुपरचार्जरपासून इनटेकपर्यंतचा प्रत्येक होज, प्रत्येक क्लिप. नाना पेठेतून आणलेली स्वस्त क्लिप आवळली की आटे सोडते, दिसते मात्र घट्ट. इंजिन बंद करून हवेचं तोंड झाकणाने बंद करायचं, झाकणाला टायरचा वाल्व लावायचा आणि फक्त पाच पीएसआय हवा सोडायची. टायरसारखी तीस-बत्तीसची भरू नका, कुठलातरी होज उडून तुमच्याच कपाळावर येईल. जोडांवर टूथब्रशने साबणाचं पाणी लावा. जिथे बुडबुडे तिथे बूस्ट. ऑइलच्या झाकणापाशी हलका सूं आवाज येईल, त्याला घाबरू नका, पिस्टनच्या रिंगांमधून थोडी हवा जातेच. ओढणाऱ्या बाजूचा, फिल्टरकडचा होज मऊ असेल तर तो जोर लावल्यावर आतून चपटा होतो. उभ्या गाडीत हे कधीच दिसत नाही.

आता मुद्द्याचं. एवढं सगळं करून काटा साडेपाचवरच राहिला, पण गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळतेय, असंही होतं. कारण बूस्ट म्हणजे इंजिनने न घेतलेली, दारात तुंबलेली हवा. ज्या गावात धरण आहे आणि १९१६ पासूनची केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळाही आहे, तिथे हे वेगळं समजावून सांगायला नको. धरणाची पातळी म्हणजे गेजचा आकडा, मुठेत सोडलेला विसर्ग म्हणजे इंजिनला मिळालेली हवा. दरवाजे आणखी उचलले की पातळी उतरते आणि तिकडे भिडे पूल पाण्याखाली जातो. तसंच एक्झॉस्ट मोकळा केला, हेडचे पोर्ट चांगले घासून घेतले, की काटा खाली येतो आणि ताकद वाढते. गॅरेजमध्ये सुपरचार्जरबरोबर नवा एक्झॉस्टही बसवला असेल तर कमी बूस्टची अर्धी तक्रार तिथेच मिटते. मापायचंच असेल तर डायनोवर चाकांची ताकद मापा. घाट हा डायनो नव्हे. तिथे दही विकणारी माणसं रस्त्याने चालत असतात.

शेवटचा मोह छोट्या पुलीचा. सुपरचार्जरची पुली ७५ मिलिमीटरची काढून ७० ची लावली की तो सात टक्के जोरात फिरतो, काटा वर जातो, मन शांत होतं. पण गळती तशीच ठेवून हे केलं तर तीच हवा अधिक तापवून बाहेर सोडायला तुम्ही पैसे मोजता. आणि गळती नसेल तर जादा हवेला जादा पेट्रोल लागतं. इंजेक्टर आणि पंप मूळचेच असतील तर मिश्रण पातळ होतं, इंजिन खडखडतं, आणि पिस्टनला भोक पडायला डोणजे फाटाही लागत नाही. तेव्हा आधी गेज, मग पट्टा, मग वाल्व, मग होज. पुलीला हात लावायचा तो इंजेक्टर, पंप आणि ट्यूनिंगचे पैसे बाजूला काढल्यावरच, आणि तेवढे पैसे नसतील तर साडेपाचवर समाधान माना.