हॉलमधलं पोवळं

मालवणच्या माणसाच्या घरी समुद्र बादलीतून येतो, हे आमच्या धक्क्यावर सांगितलं तर लोक माझीच नाडी बघतील. पण न्यू जर्सीत मुलाकडे तो तसाच येतो. आधी नळाचं पाणी गाळून गाळून त्यातलं होतं नव्हतं ते सगळं काढायचं, आणि मग विकतचं मीठ आणून लिटरमागे साधारण 35 ग्रॅम या हिशोबाने त्यात कालवायचं. "मग काढायचं कशाला?" असं हिने एकदाच विचारलं. मुलाने उत्तराला अर्धा तास घेतला. तेव्हापासून ही काही विचारत नाही.

टीव्हीच्या जागी काचेची टाकी आहे. तिच्यात मासे आहेत, पण ते तोंडी लावण्यापुरते. खरा मान पोवळ्यांचा. अंगठ्याएवढ्या तुकड्याला ही मंडळी 'फ्रॅग' म्हणतात. एका फ्रॅगची किंमत मुलाने डॉलरांत सांगितली, मी सवयीने तिचे रुपये केले आणि त्यानंतर बरेच दिवस टाकीजवळून जपून चाललो. पाणी तापू नये म्हणून एक यंत्र, गार पडू नये म्हणून दुसरं आणि उडालेलं पाणी भरायला तिसरं. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं, म्हणून वरून घालायचं ते गोडं पाणी. हे मात्र मला कोणी शिकवावं लागलं नाही. शिरोड्याची मिठागरं पाहिलेली आहेत. संध्याकाळी निळा दिवा लागला की पोवळी हिरवी-नारिंगी उजळतात, आणि समोर बसलेल्या माझा पांढरा लेंगासुद्धा.

बिनसलं ते नव्या दिव्याने. ॲक्रोपोरा नावाचं एक फांद्याफांद्यांचं पोवळं जुन्या दिव्याखाली तपकिरी दिसायचं. त्याचा रंग खुलावा म्हणून मुलाने जोरकस एलईडी आणला आणि पहिल्याच दिवशी पुऱ्या ताकदीने लावला. रंग खुलायचा राहिला बाजूला, पोवळं बघता बघता पांढरंफटक पडलं.

पोवळं दिसतं दगडासारखं, पण तो प्राणी आहे. चिमुकल्या प्राण्यांची अख्खी वसाहतच. आणि या वसाहतीने घरात आचारी ठेवलेला असतो. झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल पोवळ्याच्या मांसात राहतं, उजेडावर साखर शिजवतं आणि त्यातला मोठा वाटा मालकाला देतं. उथळ पाण्यातल्या कित्येक पोवळ्यांची नव्वद टक्क्यांपर्यंतची भूक या एका चुलीवर भागते. तो तपकिरी रंगही आचाऱ्याचाच. पण उजेड किंवा उष्णता हाताबाहेर गेली की त्याच चुलीतून ऑक्सिजनची विषारी रूपं बाहेर पडू लागतात आणि मालक आचाऱ्याला घराबाहेर काढतो. उरतं ते पारदर्शक मांस आणि त्यातून दिसणारा चुनखडीचा पांढरा सांगाडा. मालक अजून मेलेला नसतो, उपाशी असतो. मला यात मालकाचीच बाजू पटते. विष कालवणाऱ्याच्या हातचं खाण्यापेक्षा उपास बरा. फक्त पोवळ्याला उपास फार दिवस झेपत नाही. शैवाल असं बाहेर टाकलं जातं, याची नोंद 1928-29 साली ग्रेट बॅरियर रीफवरच्या लो आइल्स बेटांवर तळ ठोकून बसलेल्या मॉरिस याँग यांच्या तुकडीने केली होती. आमच्या चिरंजिवांनी ती घरबसल्या पडताळून पाहिली.

बातमी फोनवरून पसरली. पुण्याच्या मेहुण्यांनी पाण्यात तुरटी फिरवायला सांगितलं. हिच्या बहिणीने, 'मुलाची पत्रिका कोणाला दाखवलीत का,' असं हळूच विचारलं. मुलाच्या मित्रांपैकी एक म्हणाला औषध घाल, दुसरा म्हणाला सगळं पाणी बदल, तिसरा म्हणाला पोवळ्याची जागा बदल. मुलाने दिवा निम्म्यावर आणला, रात्री पोवळ्याने शुंडकं बाहेर काढली की ड्रॉपरने बारीक खाद्य द्यायला लागला आणि बाकी कशालाही हात लावला नाही. हे शेवटचंच सगळ्यात अवघड. घरात आजारी कोणी असताना स्वस्थ बसणं आपल्या रक्तात नाही. ही रोज सकाळी टाकीसमोर उभी राहून "आज जरा तुकतुकी आहे हो" म्हणायची. ती नसायची. मग एका सकाळी बुडाशी खरोखरच तपकिरी झाक दिसली. काही आचारी आत दडून राहिले होते, त्यांनी पुन्हा संसार वाढवला. ज्या तपकिरी रंगाला कंटाळून दिवा आणला, तो परत आला म्हणून सूनबाईने एडिसनहून पेढे आणले.

हिच्या अंगठीतलं पोवळं मात्र या सगळ्या काळात तसूभरही फिकं झालं नव्हतं, आणि ते ही सूचकपणे बोट पुढे करून दाखवत होती. ते पडलं भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं. ते अंधाऱ्या कपारींत शैवालाशिवाय वाढतं, पाण्यातून वाहत आलेलं पकडून खातं, आणि त्याचा रंग मुळी सांगाड्यातच मुरलेला असतो. आचारीच ठेवला नाही तर भांडण कोणाशी होणार? मंगळाचा यात काही हात नाही, हे मी मनातल्या मनात म्हटलं.

खऱ्या समुद्राला दिवा निम्म्यावर आणायची सोय नाही. नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की तेवढं पुरतं. 1998 साली लक्षद्वीपची पोवळी अशीच पांढरी पडली आणि त्यांतली पुष्कळ मेली. 2023 च्या जुलैत फ्लोरिडातल्या मॅनेटी बे या उथळ खाडीत पाण्याचं तापमान 38.4 अंश सेल्सियस नोंदलं गेलं. त्या उन्हाळ्यात तिथल्या संशोधकांनी समुद्रातल्या रोपवाटिकांमधली पोवळी उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणून ठेवली. समुद्रातल्या जिवाला समुद्रापासून वाचवायला टाकीत! हे वाचल्यापासून मी मुलाच्या विजेच्या बिलाबद्दल बोलणं सोडलं. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने जाहीर केलं की पोवळी जगभर पांढरी पडण्याची ही चौथी वेळ आहे.

हे वाचून कोणाला अशी टाकी करायची हौस आली असेल, तर आधी एक ऐका. आपल्याकडची कठीण सांगाड्याची पोवळी 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मालवणच्या समुद्रातही ती आहेत. तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंगला उतराल तेव्हा त्यांच्यावर पाय देऊ नका, आणि किनाऱ्यावर एखादा पांढरा तुकडा सापडलाच, तर शोकेससाठी उचलू नका. कायद्याने तोही गुन्हाच आहे.