बिबट्या दिसेल का, सर?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या शहरी जंगलात दोन प्रकारची माणसे काम करतात. पहिली जंगलाला लोकांपासून सांभाळतात. त्यांच्या हातात काठी असते. दुसरी लोकांना जंगलाची ओळख करून देतात; त्यांच्या हातात माईक असतो आणि तो बहुधा ऐन वेळी बंद पडतो. प्रस्तुत लेखक दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याच्या पदनामात निसर्ग, शिक्षण, विस्तार आणि समन्वयक हे चारही शब्द आहेत. तरी येणारे-जाणारे त्याला ‘गाइड’ म्हणतात आणि नातेवाईक ‘फॉरेस्टमध्ये असतो’ असे सांगून मोकळे होतात. परिणामी प्रत्येक लग्नाच्या पंगतीत कोणीतरी त्याला सागवान स्वस्तात मिळेल का, हे हळूच विचारतो.

पोशाख ठरलेला. बऱ्याच खिशांचे जाकीट, त्यातल्या एका खिशात शिट्टी, बाकीचे रिकामे. गळ्यात दुर्बीण, ती कचेरीत फायली चाळतानाही काढायची नसते. उद्यानाची माहिती तोंडपाठ हवी: क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर, पोटात विहार आणि तुळशी हे मुंबईला पाणी पुरवणारे दोन तलाव, शिवाय कान्हेरीची शंभरावर लेणी. लेण्यांविषयी बोलताना आवाज असा लावावा लागतो की ती आपल्याच देखरेखीखाली कोरली गेली, असे ऐकणाऱ्याला वाटावे.

कामाचे वर्ष दिनविशेषांवर चालते. फेब्रुवारीत पाणथळ दिन. मार्चमध्ये २० तारखेला चिमणी, २१ला वन आणि २२ला पाणी. जूनमध्ये पर्यावरण, जुलैत वनमहोत्सव आणि वाघ, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात समस्त वन्यजीव. मार्चचे तीन दिवस एकाच फलकावर भागतात. फक्त मधला शब्द कागद चिकटवून बदलायचा आणि पाहुण्यांना किंचित डावीकडे उभे करायचे. या सगळ्याला न जुमानणारी एकच वनस्पती म्हणजे कारवी. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. इथे २०१६ला फुलली, मग २०२४ला. तिला प्रमुख पाहुणे लागत नाहीत आणि उद्घाटनाची तारीख ती कोणाला विचारून ठरवत नाही.

शाळांच्या सहली हा कामाचा मोठा भाग. बसमधून उतरलेले पहिले मूल ‘बिबट्या दिसेल का, सर?’ असे विचारते. याचे प्रमाणित उत्तर ‘तो आपल्याला बघतोय’ हे आहे. त्याने मुले गप्प होतात, बाई घाबरतात आणि सांगणाऱ्याचे वजन वाढते. पुढचा तासभर प्रस्तुत लेखक झाडांची लॅटिन नावे सांगतो. एकदा असेच एक नाव सांगून झाल्यावर एक मुलगा रांगेतून गायब असल्याचे लक्षात आले. तो पानांच्या एका गोळ्यापाशी उकिडवा बसला होता. लाल मुंग्या दोन पानांच्या कडा जबड्यात धरून जवळ ओढत होत्या आणि काही जणी आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने ती शिवत होत्या. मुलाने विचारले, ‘ह्यांना डिपॉझिट भरावं लागतं का?’ त्याच्या घरी त्या आठवड्यात काय बोलणे चालले असेल, हे समजायला लॅटिन लागत नाही.

सकाळी फिरायला येणाऱ्यांबद्दल मात्र जरा विस्ताराने सांगणे भाग आहे. प्रस्तुत लेखकाला हा विषय काढायला निमित्त लागत नाही. ही मंडळी पहाटे दरवाजा उघडण्याआधीच दरवाजापाशी असतात. खिशात पास असतो आणि बोलण्यात ‘आमचं जंगल’. काही जण टाळ्या वाजवत चालतात, काही उलटे चालतात, काही एका ठरावीक झाडाखाली जमून जोरजोरात हसतात. ते झाड वर्षानुवर्षे हे सहन करत आले आहे. शनिवार हा मारुतीचा वार असल्यामुळे माकडांना केळी मिळतात. इतर वारी ग्लुकोज बिस्किटे. मुंग्यांना साखर-पीठ, कावळ्यांना शेव. गाठियांचा मामला निराळा आहे. एका काकांना डॉक्टरांनी गाठिया बंद केले. घरात पुडा येणे थांबेना, म्हणून ते तो रोज माकडांना घालू लागले. माकडांच्या कोलेस्टेरॉलचा विचार कोणी करायचा, हा प्रश्न त्यांनी उद्यानावर सोडला.

त्यांना समजावणे हे प्रस्तुत लेखकाचे काम होते आणि त्याची त्याला हौसही होती. आयते खायची सवय लागली की माकडे पिशव्या ओढतात, चावतात, जंगलातले खाणे शोधायचे सोडून देतात, हे त्याने दुर्बीण सावरत नीट सांगितले. काकांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, ‘तुम्ही सकाळी नाश्ता केलात ना?’ केला होता. ‘मग त्यानं काय घोडं मारलंय?’ यावर कुठल्याही प्रशिक्षणात उत्तर शिकवलेले नाही. पुढे ‘प्राण्यांना खायला घालू नये’ असा फलक लागला. त्याचा एक खिळा अर्धा बाहेर राहिला आणि काकांची सोय झाली: पिशवी त्याला अडकवून दोन्ही हात मोकळे ठेवून गाठिया घालता येऊ लागले. संताप यावा असेच हे दृश्य आणि तो यायचाही. पण पिशवी रिकामी झाली की हेच काका परतीच्या वाटेवर लोकांनी टाकलेली वेष्टने वाकून वाकून तिच्यात भरतात. गुडघे दुखतात, तरी वाकतात. स्वच्छता मोहिमेला छायाचित्रापुरते आलेल्यांपेक्षा त्यांचा कचरा जास्त भरतो. अशा माणसाला माहितीपत्रकाच्या कुठल्या परिच्छेदात बसवायचे, हे अजून ठरलेले नाही.

उद्यानाच्या भिंतीला लागून असलेल्या गृहसंकुलांतल्या बैठका हा यापुढचा टप्पा. सीसीटीव्हीत बिबट्या दिसला की बैठक लागते. फ्लॅट घेताना जंगलाच्या देखाव्याचे जादा पैसे मोजलेले असतात. त्या देखाव्यात वन्यप्राणी निघावा, ही फसवणूक वाटते. मागणी एकच असते: उचलून न्या. प्रस्तुत लेखक स्लाइड दाखवतो. २००४च्या सुमारास इथे माणसांवर हल्ले वाढले होते. धरलेला बिबट्या दुसरीकडे सोडल्याने प्रश्न मिटत नाही, उलट चिघळतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिले. २०११पासून वनखात्याने संशोधक आणि नागरिकांना सोबत घेऊन लोकांशी बोलायला सुरुवात केली. सांगायचे एवढेच असते की कचरा वेळच्या वेळी उचला, म्हणजे त्यावर पोसणारी भटकी कुत्री कमी होतील आणि कुत्र्यांमागे येणारा बिबट्याही. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नका. शेवटच्या स्लाइडनंतर टाळ्यांसाठी थोडी जागा ठेवलेली असते. त्या जागेत सेक्रेटरी पार्किंगचा विषय घेतात.

या बैठकांत एक गोष्ट बोलायची राहते, कारण ती चहा-समोशांबरोबर बोलण्यासारखी नसते. बिबट्याने माणसे मारली ती सातव्या मजल्याच्या बाल्कनीत नव्हे. मारली ती पाड्यांत आणि कडेच्या झोपड्यांत, अंधारात बाहेर जावे लागणारी. त्यांत लहान मुले होती. देखाव्याचे पैसे त्यांनी मोजले नव्हते.

आणि तक्रारीचा सूर सगळ्यांत कमी ऐकू येतो तोही पाड्यांतच. इथले वारली वाघोबाला देव मानतात, वाघबारस पाळतात. १९९७मध्ये उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिल्यापासून इथे कोण हक्काचा आणि कोण उपरा, याची मोजणी पुन्हा पुन्हा होते आणि पाड्यातल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या घराचे कागद शोधावे लागतात. अशा ठिकाणी ‘जंगल वाचवा’ असे सांगायला माईक घेऊन जावे लागणे, हा या नोकरीतला सर्वांत अवघड भाग. तिथे माईक बंद पडला तर बरेच वाटते.

रानभाज्यांचा कार्यक्रम त्यातल्या त्यात सुखाचा. पावसाच्या तोंडावर शेवळे उगवतात. प्रस्तुत लेखकाने एक शेवळ उंच धरून ‘अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस’ असे खणखणीत आवाजात सांगितले. आलेल्या शहरी मंडळींनी ते वहीत उतरवून घेतले. पाड्यातली एक आजी टोपली घेऊन मागे बसली होती. तिने एवढेच विचारले, ‘काकडं घालनार ना? नायतर नरडं खाजंल.’ मंडळींनी माना वळवल्या आणि उरलेला कार्यक्रम तिच्याभोवती झाला. शेवळ कुठून कापायचे, आतला पिवळा भाग का काढून टाकायचा, काकडांचा रस किती, चिंच कधी, सगळे तिने सांगितले. दुर्बिणीकडे कोणी पाहिले नाही.

वर्षअखेर अहवाल होतो. मुलांची संख्या आत येताना मोजतात आणि बाहेर जाताना पुन्हा मोजतात. दोन्ही आकडे चांगले असल्याने त्यांची बेरीज करण्याचा मोह होतो. काकांची वेष्टने स्वच्छता मोहिमेत धरली जातात. रानभाज्यांच्या कार्यक्रमात आजी ‘लाभार्थी’ या रकान्यात गेली. ‘मार्गदर्शक’ या रकान्यात तिला घ्यायचे मनात होते, पण तिथे एक नाव आधीच टाइप केलेले होते, पदनामातल्या चारही शब्दांसकट.