बिल पास आहे, पण...

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्यात जा, अकाउंट्सच्या कोपऱ्यात फायलींच्या आडोशाला एक अण्णा बसलेले असतात. कंपनी कुणाचं किती देणं लागते, हे त्यांना तोंडपाठ असतं. ते कधी द्यायचं, हे मात्र ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं.

अण्णा कुणाला ‘नाही’ म्हणत नाहीत. पुरवठादाराचा फोन आला की म्हणतात, “बिल पास आहे हो, पण...” सोमवारी जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झालेली नसते. मंगळवारी होते, तर त्यावर क्वालिटीवाल्यांची सही नसते. बुधवारी सही होते, तेव्हा कळतं की ऑर्डरीत, म्हणजे पीओत, 1,000 बोल्ट, बिलात 1,000 बोल्ट आणि स्टोअर्सने मोजले 998. “दोन बोल्टांची क्रेडिट नोट पाठवा, लगेच सोडतो.” अठरा रुपयांच्या मालापायी नऊ हजारांचं बिल होल्डवर!

कागद हाती आला की अण्णा आधी रक्कम बघतच नाहीत. पट्टी ठेवून जीएसटी नंबराची पंधराही अक्षरं टिकमार्क करत जातात. सुरुवातीला महाराष्ट्राचा 27 दिसला की जरा सैलावतात. मग एचएसएन कोड, मग पीओतला दर, मग टीडीएस: ठेकेदार एकटा असेल तर 1 टक्का, कंपनी असेल तर 2. महिन्याच्या 14 तारखेला जीएसटी पोर्टलवर 2बी विवरणपत्र उघडतं. त्यात बिल दिसलं नाही की तेच पुरवठादाराला झापतात, “तुम्ही रिटर्न भरणार नाही, मग क्रेडिट आम्ही कुठून घ्यायचं?”

एवढं सगळं जुळलं तरी एन्ट्री अण्णांनी करायची आणि मंजुरी साहेबांनी द्यायची. साहेब विमानात आणि ओटीपी साहेबांच्या फोनवर.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असा कायदा 2006 पासून आहे. अण्णांचे 45 दिवस मात्र माल पोचल्यापासून नव्हे, बिल त्यांच्या मनास आल्यापासून सुरू होत. 2023 साली आयकरात 43बी(एच) हे कलम आलं. मुदत टळली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय वजावटीत धरायचाच नाही! तेव्हापासून मार्चमध्ये अण्णा आपण होऊन फोन करतात, “उद्यम सर्टिफिकेट पाठवा, पेमेंट सोडायचंय.” वर्षभर ज्याचे फोन घेतले नाहीत, तो पुरवठादार घाबरून विचारतो, “अण्णा, काही चुकलं का?”

तरीही अण्णांना नावं ठेवण्यापूर्वी एकदा त्यांच्या खुर्चीशेजारी बसा. 147 नंबरचं बिल गेल्या महिन्यात भागवलेलं असतं. तेच बिल या महिन्यात 0147 होऊन येतं आणि कॉम्प्युटर ते बिनबोभाट नवं म्हणून घेतो. अण्णांची पट्टी मात्र त्या शून्यावर अडते. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे पैसे इथे टाका’ असा गोड मेल आला, तर अण्णा मेलला उत्तर देत नाहीत, जुन्या डायरीतल्या नंबरावर फोन लावतात. पलीकडून “कुठलं खातं?” असं आलं की तो मेल कपाटातल्या वेगळ्या फाइलीत जातो. कंपनीचे किती लाख वाचले, याची एन्ट्री कुठल्याच लेजरला नसते, आणि म्हणून अण्णांची बढतीही नसते.

तेव्हा पुरवठादारांनो, बिलावर पीओ नंबर घाला, चलन जोडा, बोल्ट निघण्यापूर्वी मोजा आणि जीआरएन झाल्याशिवाय अण्णांना फोन करू नका. बिल नक्की पास होईल. पेमेंट रन दर गुरुवारी असतो; फक्त त्या दिवशी बँकेला सुट्टी आणि साहेबांना विमान नाही ना, तेवढं बघून घ्या.