काकूंना ठाऊक असतं

रहस्यमालिका लिहिणाऱ्याने कुणाला भ्यावं, तर नांदेड-लातूरकडच्या काकूंना. वय पन्नाशीपुढचं, मांडीवर ताट, ताटात निवडायची तूरडाळ. डोळे डाळीसाठी, टीव्हीसाठी नुसते कान. पडद्यावर जुना वाडा येतो, कंदील हलतो, कुणीतरी दचकून मागे बघतं, संगीत छाती फुटेस्तोवर वाजतं. काकू डाळीतला खडा बाजूला टाकतात आणि म्हणतात, "ती पोरगी म्हाताऱ्याचीच हाय." हे गुपित शंभर भाग पुरवायचं असं लेखकाने ठरवलेलं असतं, काकूंनी ते दुसऱ्याच भागात निवडून ठेवलेलं असतं. तरीही पुढचा एकही भाग त्या चुकवत नाहीत. स्वयंपाकाची वेळ पुढेमागे होईल, मालिकेची होणार नाही. घरातली पोरं याला भोचकपणा म्हणतात आणि वर विचारतात, सगळं कळलंय तर बघता कशाला? माझ्या मते काकूंचं बरोबर आहे आणि पोरांचं चूक. घराण्याचं गुपित घराण्यात सगळ्यांनाच ठाऊक असतं, फक्त ते चारचौघांत कुणी बोलत नाही. त्यामुळे पाहण्यासारखं एवढंच उरतं, की आधी तोंड कोण उघडतं.

पुरावा मालिकेनेच दिलेला आहे. झी मराठीवर 2016 साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा नाईकांचा वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू, जमलेली भावंडं, आणि वाड्याच्या पोटातून एकेक करून वर येणारी पापं. त्यांतलंच एक म्हणजे अण्णा आणि शेवंता यांची मुलगी सुषमा. मालिका संपली तेव्हा महाराष्ट्रात लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मग 2019 मध्ये दुसरा भाग आला, तो काळाच्या उलट्या दिशेने. अण्णा जिवंत, शेवंता अजून यायची आहे. अण्णा मरणार, हे ठाऊक. मुलगी होणार, हेही ठाऊक. रहस्य म्हणजे अज्ञान असतं तर हा भाग आठवड्यात गुंडाळावा लागला असता. झालं उलटंच. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता घराघरांत पोचली, 2021 मध्ये तिसरा भागही आला. निकाल पाठ असलेला सामना सारा महाराष्ट्र पुन्हा बघत बसला. काकू हे पहिल्यापासून करत होत्या, बाकीच्यांना तीन वर्षं लागली.

आता काकूंना एवढं कळतं कसं, याला दैवी शक्ती लागत नाही, सोयरिकी लागतात. नांदेड-लातूरकडे मामाची मुलगी करायची रीत जुनी, त्यामुळे माणूस माणसाला एका नात्याने लागतच नाही; जो दीर तोच आत्याचा नातू, जी जाऊ तीच मावसबहीण. देगलूरचं उदगीरला आणि उदगीरचं अहमदपूरला दिवस मावळायच्या आत कळतं. स्थळ आलं की पत्रिका नंतर, आधी 'त्यायच्या घरचं काय हाय' हे बघतात, आणि जे असतं ते सोयरीक होण्याआधीच दोन्हीकडे माहीत झालेलं असतं. ज्या मुलखात प्रत्येकाला प्रत्येकाचं ठाऊक, तिथं घरं टिकतात ती न विचारण्यावर. म्हणून पडद्यावरची सून डोळे विस्फारून "हे आम्हाला कधीच कळलं नाही" म्हणाली की काकूंना भीती न वाटता कीव येते: "आज कळूलालंय व्हय त्यायला?"

भुताखेतांचंही तसंच. ही मालिका सुरू होती त्याच उन्हाळ्यात, 12 एप्रिल 2016 ला, मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. अशा गावात कोकणातल्या ओल्या अंगणात पांढरी आकृती सरकली, तर बघणाऱ्याची नजर आधी त्या ओलीवर जाते. आणि वाडा म्हणाल तर किल्लारीच्या परिसरातले दगडमातीचे, माळवदाचे वाडे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात माणसांसकट गेले. त्यावर विनोद करायचा नसतो. पुनर्वसनाच्या सरळ ओळीतल्या घरांना ना बळद, ना माजघर. गुपितं मात्र त्या घरांतही आली, कारण ती भिंतीत राहतच नव्हती.

ती राहतात तलाठ्याच्या दप्तरात. मालिकेतलं पाप अमावास्येला बाहेर पडतं; काकूंच्या हिशेबाने ते तेराव्यानंतर, वारसाची नोंद करायची वेळ आली की पडतं. म्हणून सुषमा कुणाची हे उघड होताना सगळा वाडा किंचाळत असतो, तेव्हा काकूंचा प्रश्न एकच: "लगीन लागलं होतं का?" पोरं हसतात. पण कोर्टही आधी हेच विचारील. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं सोळावं कलम बेकायदा ठरलेल्या लग्नाच्या लेकरांना औरस मानतं, आणि 1 सप्टेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वडिलोपार्जित मिळकतीत बापाच्या वाट्याला जे आलं असतं त्यातही त्यांचा हक्क पोचतो. लग्नच लागलं नसेल तर या कलमाचा आधार नाही. काकू कायदा शिकलेल्या नाहीत, पण भाऊबंदकीत चाळीस वर्षं काढलेल्या आहेत. शिवाय साहित्याचा इतिहास त्यांच्याच बाजूने साक्ष देतो. भुताटकीच्या वाड्यांच्या कादंबऱ्यांची आद्य मानली जाणारी होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ऑट्रँटो' 1764 ची. तिच्यात राक्षसी शिरस्त्राण आभाळातून पडतं, तसबिरीतला पूर्वज उतरून चालू लागतो, आणि एवढ्या गडबडीनंतर निघतं काय? नोकराने मालकाला विष घालून खोटं मृत्युपत्र केलं होतं. म्हणजे फेरफारच की!

यावर कुणी म्हणेल, काकूंची सगळी हुशारी चहाडीची आहे. तसं नाही. चहाडखोराला कळलं की तो सांगत सुटतो. काकू अण्णा नाईकांबद्दल जेवढं बोलतात त्याच्या शतांशही शेजारच्या घराबद्दल बोलत नाहीत. मालिका हीच तर त्यांची सोय आहे: वाड्याचं नाव घेऊन गल्लीतलं सगळं बोलता येतं, आणि ऐकणाराही 'मालिकेचं' म्हणून ऐकून घेतो. अमेरिकेत 'डार्क शॅडोज' नावाची अशीच वाड्याची मालिका 1966 ते 1971 चालली. एक अनाथ मुलगी आपले आईबाप कोण हे शोधत कॉलिनवूडच्या वाड्यावर येते, तिथून कथा सुरू. 1225 भाग झाले, रक्तपिपासू आला, चेटकीण आली, भूतकाळात फेऱ्या झाल्या. ती पोर कुणाची हे शेवटपर्यंत कुणी बोललंच नाही. काकूंना ही गोष्ट सांगितली तर त्यांना त्यात काही अर्धवट वाटणार नाही. मोठ्या घरची रीत म्हणतील.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे. सगळ्यांना ठाऊक आणि कुणीच बोलत नाही, ही रीत ज्यांच्या सोयीची असते ते वाड्याच्या ओसरीवर बसलेले असतात. किंमत मोजते ती सुषमा. हे मान्यच करावं लागतं, आणि त्यासाठी कोकणात जायची गरज नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. तो वाटा हक्कसोडपत्रावर सही करून परत देण्याची पद्धत मात्र आजही आहे. त्या दिवशी साडीचोळी होते, जेवण होतं, भाऊ हात जोडतो. प्रत्येक बहिणीला ठाऊक असतं की काय झालं. प्रत्येक भावालाही. यात भूत नाही, कंदील नाही, पार्श्वसंगीत तर नाहीच, म्हणून त्यावर मालिका निघत नाही. अण्णांच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागायला पाहिजे हे काकू बोटांवर मोजून सांगतात. त्यांच्या माहेरच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, हे विचारलं, तर ताटातली डाळ एकदम निवडून झालेली असते आणि कुकर लावायचा राहिलेला असतो.